सोबत काही आढळलं नाही

मारिट माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायची. क्लिनिकचं काचेचं दार ढकलून कुणी आत आलं की तिची नजर आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग खुब्यावर. तेवढ्यात मी त्या माणसाला सलाम करून, आयडी मागून, बसायला सांगून मोकळी झालेली असायचे. तो बसला की ती माझ्या कानाशी येऊन सांगायची, "डावा गुडघा. दोन वर्षांत माझ्याकडे येणार." बिचारा दाढ दुखते म्हणून आलेला असायचा. मी एकदा तिला म्हटलं, अगं, लोकांच्या तोंडाकडे बघून जरा हसत जा. तर म्हणाली, चेहऱ्यावरून मला आजवर कधी काही कळलेलं नाही, चालीवरून कळतं.

तिचा चेहऱ्यांवर राग होता आणि त्याला कारण होतं. तिचा स्वतःचा चेहरा चिनी, नाव डच, पासपोर्ट डच. दोहात ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या क्लिनिकमध्ये ती फिजिओथेरपिस्ट म्हणून आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात निम्म्या पेशंटांनी तिला फिलिपिनो नर्स समजून 'सिस्टर, पाणी' म्हणून ऑर्डर सोडली. ती निमूट पाणी आणून द्यायची आणि मग म्हणायची, आता शर्ट काढा. तू कुठली, या प्रश्नाला तिने तीन उत्तरं करून ठेवली होती. टॅक्सीवाल्याला एका शब्दात 'हॉलंड'. त्यावर ज्याचं समाधान होत नसे त्याला 'हॉलंड, पण जन्म चीनचा'. आणि जो तिसऱ्यांदा विचारेल त्याला एका दमात, "मी अकरा महिन्यांची असताना एका डच जोडप्याने मला चीनमधल्या अनाथालयातून दत्तक घेतलं, आता पालथे झोपा." पालथं झोपलेला माणूस सहसा चौथा प्रश्न विचारत नाही.

मीही तिला पहिल्यांदा तेच म्हटलं जे सगळे म्हणतात. म्हटलं, किती नशीबवान गं तू. ती जेवत होती. तिचं जेवण म्हणजे पाव, लोणी आणि त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे. एकोणतीस वर्षांची बाई, पण रोजचा डबा बालवाडीतला. तिने पाव खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "शमीम, तुझ्या जन्माबद्दल तुला कुणी असं म्हणतं का?" मला राग आला. कौतुक करावं तर वर बोलणी खावीत. पण राग माझ्या अंगात फार वेळ टिकत नाही, शिवाय तिच्या प्रश्नाला माझ्याकडे खरंखुरं उत्तर होतं. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावातली. खालेला, म्हणजे मावशीला, मूल नव्हतं म्हणून मला जन्मल्यावर चाळीस दिवसांनी तिच्या ओटीत दिलं. अम्मीचं घर तिथून तीन घरं सोडून. हे ऐकल्यावर ती खुर्ची ओढून जवळ आली आणि पोलिसासारखी चौकशी सुरू केली. ताप आला की कुणाला हाक मारायचीस? म्हटलं, खालेला. आणि खालेशी भांडण झालं की? म्हटलं, अम्मीकडे जाऊन जेवायचे. ती बराच वेळ हसली, आणि मग म्हणाली, तीन घरं म्हणजे फार सोयीचं अंतर आहे.

अशी ती. खोटं गोड बोलणं तिला येत नसे. माझी बिर्याणी कोरडी झाली तर कोरडी झाली म्हणून सांगायची आणि मग दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. जून महिन्यात दोहातल्या फुटपाथवर हेल्मेट घालून सायकल चालवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. सिग्नलला थांबलेले गाडीवाले काच खाली करून तिला पाण्याची बाटली द्यायचे. त्यांना वाटायचं हिची गाडी बंद पडली.

तिला दोहात आणलं क्लाराने. क्लारा स्पेनची, इथल्या एका विमान कंपनीत एअर होस्टेस. तिचंही तोंड चिनी आणि घर स्पेनमध्ये. दोघी एकाच अनाथालयातल्या आणि दोघींचे पाळणे शेजारी शेजारी. एकाच महिन्यात एक हॉलंडला गेली, एक स्पेनला. मोठेपणी इंटरनेटवर त्या अनाथालयातल्या मुलींचा ग्रुप निघाला, त्यात कुणीतरी एक जुना फोटो टाकला, दोन पाळणे, दोन टकली बाळं, आणि या दोघींनी आपापला पाळणा ओळखला. क्लारा तिला पाळण्यातली बहीण म्हणायची. दोहात अशा आणखी तिघीजणी होत्या, एक अमेरिकन, शाळेत शिकवणारी, एक फ्रेंच, एक कॅनडाची. महिन्यातून एकदा सूक वाकिफ या जुन्या बाजारात चहाच्या एका दुकानात जमायच्या. मी एकदा गेले होते. शेजारच्या टेबलावरच्या चिनी पर्यटकांनी त्यांना आपल्या भाषेत काहीतरी विचारलं आणि पाचही जणी एकमेकींकडे बघत बसल्या. शेवटी त्या पर्यटकांना रस्ता मी सांगितला, इंग्रजीत.

त्या पाच जणींचा एक नेम होता. 'का टाकलं असेल' हा प्रश्न तिथे काढायचा नाही. वाढदिवसही करायचा नाही, कारण बहुतेकींचा वाढदिवस अनाथालयाने अंदाजाने घातलेला. त्याऐवजी सापडल्याचा दिवस करायचा, आणि ज्या दिवशी जिचा असेल तिने आपल्या फायलीतली ती ओळ वाचून दाखवायची. मूल कुठे सापडलं, अंगावर काय होतं, सोबत काय आढळलं. एकीच्या फायलीत दुधाची बाटली होती, एकीच्या नुसती गोधडी. क्लाराच्या फायलीत लिहिलं होतं, सोबत काही आढळलं नाही. ती ते दरवर्षी हसत वाचायची आणि लगेच केक कापायची.

त्यांच्यात श्रीमंत होती मारिट. तिच्या फायलीत चिठ्ठी होती. लाल कागदाचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर शाईच्या पेनाने चार ओळी. तिने तो कागद फोनच्या पारदर्शक कव्हरच्या आत, पाठीमागे ठेवला होता, त्यामुळे ती फोनवर बोलायला लागली की आपल्याला तो लाल कागद दिसायचा. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण अर्थ पाठ होता. "चांद्र महिना नववा, दिवस अकरावा, पहाटेचा जन्म. तब्येत चांगली आहे. भल्या माणसा, हिला सांभाळ. आमचा इलाज नव्हता." मला तिने हे पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा मी फाइल शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले.

ती आमच्याकडे येऊन वर्ष झालं असेल, तेव्हा ती बाई सापडली. चीनमध्ये अशी आई-मुलीची गाठ घालून देणारे स्वयंसेवक आहेत. त्यांच्याकडे एका खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईने नाव नोंदवलं आणि आपण चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. भाजीबाजाराच्या फाटकापाशी मूल ठेवलं, हेही जुळलं. आता त्या बाईच्या रक्ताची तपासणी तेवढी व्हायची होती. खेड्यातून नमुना जाणार, कुठल्याशा प्रयोगशाळेत रांगेत पडणार, काही महिने लागणार. मारिटचा नि क्लाराचा नमुना ग्रुपमधल्या सगळ्यांसारखा आधीच जमा होता. पण तपासणी हा निव्वळ उपचार, असं सगळ्यांनीच धरलं. चिठ्ठी जुळली, आणखी काय पाहिजे? मीसुद्धा पेढे आणले.

तिने तीन आठवड्यांची रजा टाकली, तिकीट काढलं, बॅग भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लिनिक उघडायला गेले तर दारात मारिट, आणि शेजारी ती बॅग. विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीवरच्या माणसाने स्क्रीन बघून तिला बाजूला व्हायला सांगितलं होतं. ट्रॅव्हल बॅन. एका म्हाताऱ्या पेशंटच्या मुलाने पोलिसांत तक्रार दिली होती, की तुमच्या फिजिओने व्यायाम देताना आमच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. चौकशी समितीचा निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही. इथे असं झालं की माणसाला ते घरी कुणी येऊन सांगत नाही, बहुतेकांना विमानतळावरच कळतं. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीची कागदपत्रं घेऊन फिरणारा गृहस्थ, तिला म्हणाला, इन्शाल्ला, एक-दोन आठवडे. मी बारा वर्षं इथे आहे. मला इन्शाल्लाचा अर्थ कळतो. तिला नव्हता कळत.

निकालापर्यंत तिने पेशंटला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि तिला माझ्या शेजारी रिसेप्शनला बसवलं. त्या बॅगेचं तिने कुलूपही काढलं नाही. ती आमच्या काउंटरखाली उभी राहिली, आठ महिने. माझे पाय तिला लागायचे. बॅगेत त्या बाईसाठी घेतलेली डच बिस्किटं होती. त्यांची तारीख उलटली की ती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याची चेन उघडून डबा काढायची, आम्ही चहाबरोबर ती बिस्किटं संपवायचो, आणि ती नवा डबा आणून आत ठेवायची. असे किती डबे आम्ही खाल्ले कुणास ठाऊक. माझं वजन वाढलं ते त्याच वर्षी.

रोज सकाळी आली की खुर्चीवर बसण्याआधी सरकारी अ‍ॅप उघडायची. तिथे बंदीची एक लाल ओळ असायची. मी विचारायचे, झालं का? ती म्हणायची, "अजून नाही." हे दोन शब्द तिने माझ्याकडून उचलले होते, घरच्यांशी मी दिवसभर फोनवर तेच बोलत असते म्हणून. पुढे सगळं क्लिनिक तिला मराठीत विचारायला लागलं. केरळचा फार्मासिस्ट, नेपाळी शिपाई, सगळे. झालं का? अजून नाही. थट्टा म्हणून सुरू झालं, मग त्यातली थट्टा गेली, पण विचारायचं थांबवणं त्याहून वाईट दिसलं असतं.

तिच्या हातांना काम नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती माझी मान, शिपायाचा खांदा, मंदूबची कंबर दाबून द्यायची, पेशंट नव्हे म्हणून चालायचं. एकदा शुक्रवारी तिने माझ्या नवऱ्याला विचारलं, हा देश संपतो ते ठिकाण दाखवशील का? आम्ही तिघं गाडीने दक्षिणेला गेलो. तासाभराच्या पलीकडचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना काही नाही. सौदीच्या सीमेची चौकी दिसायला लागल्यावर नवऱ्याने गाडी कडेला घेतली. ती खाली उतरून उभी राहिली. आपल्याला वाटतं कतार म्हणजे बेटच, तीन बाजूंना समुद्र. ती म्हणाली, ही चौथी बाजू आहे, इथून पुढे चीनपर्यंत सगळी जमीनच आहे. मग परत येऊन गाडीत बसली आणि आम्हाला पावावर चॉकलेटचे दाणे घालून दिले. नवऱ्याने घरी आल्यावर मला सांगितलं, पुन्हा तिला तिकडे न्यायचं नाही, मला ते बघवत नाही.

त्या बाईशी बोलणं व्हायचं लिऊबाईच्या खाणावळीत. लिऊबाई पन्नाशीच्या, ओल्ड एअरपोर्टलाच नूडल्सची चार टेबलं चालवतात. मारिट पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा तिला चिनी येत नाही हे कळल्यावर लिऊबाईंनी तिला असं काही फैलावर घेतलं की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आईबापांनी शिकवलं नाही का, म्हणून. तिसरं उत्तर ऐकल्यावर त्या आत गेल्या, एक मोठा वाडगा भरून आणला आणि समोर ठेवून निघून गेल्या. त्या दिवसापासून दुभाष्याचं काम त्यांचं. दर शुक्रवारी दुपारी व्हिडिओ फोन लागायचा. तिकडे म्हातारी तिच्या गावच्या बोलीत बोलायची, तिची सून ते शुद्ध चिनीत सांगायची, लिऊबाई इंग्रजीत, आणि मध्ये स्वतःची मतंही घालायच्या. म्हातारीने सांगितलं, दुसरी मुलगी झाली, दुसऱ्या मुलावर सरकारी दंड होता, सासू होती. फाटकापाशी ठेवल्यावर ती भाजीच्या गाडीमागे उभी राहिली होती, कुणीतरी उचलेपर्यंत. हे इंग्रजीत आणताना लिऊबाई थांबल्या आणि भांडी घासायला गेल्या.

मारिटने तिला 'का' असं विचारलं नाही. तिने पहिल्याच शुक्रवारी विचारलं, "तुमचा उजवा खुबा कधीपासून दुखतो?" म्हातारी खुर्चीपर्यंत चालत आली तेवढ्यात तिने ते पाहिलं होतं. आणि इथून पुढे आठ महिने या मुलीने, जिला दोहात पेशंटच्या अंगाला हात लावायची परवानगी नव्हती, फोनवरून आपल्या आईचा खुबा बरा करायला घेतला. लिऊबाई खाणावळीच्या मधोमध एका पायावर उभ्या राहून व्यायाम करून दाखवायच्या आणि मारिट त्यांच्या गुडघ्याला धरून, असा नाही, असा, म्हणायची. तिकडे म्हातारी भिंतीला धरून तसं करायची. सहाव्या महिन्यात ती काठीशिवाय जिना चढली. खाणावळीतल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमारास क्लाराची ड्युटी चीनला लागली. मधे दोन दिवस मोकळे होते. ती म्हणाली, मी जाऊन येते, तुझी बिस्किटं देते. म्हातारीला मारिटसाठी कापडी बूट शिवायचे होते, कापडाच्या थरांचा तळवा हाताने टाचून करतात तसले. माप पाहिजे होतं. मारिटने आमच्या प्रिंटरचा कागद जमिनीवर ठेवला, त्यावर पाय ठेवला आणि मी पेनने भोवती रेघ ओढली, आधी डावा, मग उजवा. क्लारा ते कागद घेऊन गेली. तिकडून तिने खूप फोटो पाठवले, जेवणाचे, कोंबड्यांचे, म्हातारीचा हात तिच्या हातात. आणि एक व्हिडिओ. सुनेने मागून घेतला असावा. गल्लीतून म्हातारी आणि क्लारा पुढे चालत चालल्यात.

मारिटने तो माझ्या शेजारी बसून पाहिला. मी म्हटलं, म्हातारी छान चालते गं, तुझं यश. तिने तो पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिने आवाज बंद केला आणि फोन टेबलावर आडवा ठेवून नुसती त्या दोघींच्या पायांकडे बघत राहिली. मला काही दिसलं नाही. दोघी चालत होत्या, झालं. मग तिने फोन उपडा घातला. लाल कागद वर आला. ती म्हणाली, मला जरा गरगरतंय, आणि उठून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

तीन आठवड्यांनी तपासणीचा निकाल आला. ती बाई क्लाराची आई होती.

अनाथालयात शेजारच्या दोन पाळण्यांच्या फायली कधीतरी बदलल्या होत्या. चिठ्ठी क्लाराची. बाजाराचं फाटक क्लाराचं. मारिटला निकालाचा कागद आल्यावर धक्का बसला नाही, कारण तिला ते तीन आठवडे आधीच ठाऊक होतं. म्हातारी आणि क्लारा, दोघी उजवं पाऊल किंचित आत टाकतात आणि टाच आधी उचलतात. तिने मला नंतर चालून दाखवलं. मी विचारलं, अगं मग तीन आठवडे बोलली का नाहीस? ती म्हणाली, "दर शुक्रवारी अजून एकदा तिच्याशी बोलता येत होतं." मी रिसेप्शनवरच रडले. समोर चार पेशंट बसले होते, बसू देत.

क्लाराला तिने खाणावळीत बोलावलं. क्लारा आधीपासूनच रडत आली होती आणि सारखी सॉरी म्हणत होती, जणू तिने काही चोरलं होतं. मारिटने फोनचं कव्हर नखाने उचकटलं, लाल कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. म्हणाली, वाच, यात तुझा खरा वाढदिवस आहे. क्लाराला तो वाचता येत नव्हता, म्हणून लिऊबाईंनी चष्मा लावून वाचला. पहाटेचा जन्म. तब्येत चांगली आहे. भल्या माणसा. क्लारा तीस वर्षं असं समजत आली होती की आपल्याला कुणी एका शब्दानेही काही सांगून गेलं नाही. ती त्या कागदावर हात ठेवून बसली आणि तिला तो उचलायचा धीर होईना. मारिटने दोघींसाठी नूडल्स मागवल्या. मग ती मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, आता ती ओळ माझी आहे. सोबत काही आढळलं नाही.

तिने हॉलंडला आपल्या आईला फोन केला. या शोधाबद्दल तिने घरी कधी सांगितलंच नव्हतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. आता सगळंच एका फोनमध्ये सांगावं लागलं. मी विचारलं, आई काय म्हणाली? तिची आई शाळेत हिशेब शिकवायची, तीही मुलीसारखीच रोखठोक असणार. म्हणाली होती, "आम्ही चुकीची फाइल घरी आणली, चुकीचं मूल नाही आणलं." मारिटने हे मला सांगितलं आणि पुढच्या पेशंटचा आयडी मागितला.

आणि त्यानंतर दहाव्या दिवशी ती लाल ओळ गेली. समितीने म्हटलं होतं की म्हातारेबुवा घरी बाथरूममध्ये पडले आणि तिथे हाड मोडलं, फिजिओचा काही संबंध नाही. मंदूब दारातूनच ओरडत आला, खलास, खलास. सगळे जमले. शिपायाने मराठीत विचारलं, झालं का? ती स्क्रीनकडे बघत होती. "झालं," म्हणाली. मग काउंटरखालच्या बॅगेकडे तिची नजर गेली आणि सगळ्यांची गेली. आठ महिने ज्या दारावर धडका दिल्या ते उघडलं, तेव्हा पलीकडे तिचं कुणी उरलं नव्हतं. मला त्या क्षणी त्या तक्रारवाल्या मुलाचा, समितीचा, मंदूबचा, सगळ्या कचेऱ्यांचा इतका राग आला की मी स्टेपलर आपटला. तो अजून नीट चालत नाही.

तिने राजीनामा दिला. आधी हॉलंडला आईबाबांकडे जाणार होती, पुढचं पुढे. जायच्या आधल्या शुक्रवारी क्लारा पुन्हा चीनहून आली, या वेळी लेक म्हणून जाऊन. तिने एक पिशवी दिली. कापडी बूट. ते माप तर मारिटचं, क्लाराच्या पायाला मोठे होतात. क्लाराने म्हातारीला विचारलं होतं, आता याचं काय करायचं? म्हातारी म्हणाली होती, ज्या पायांसाठी शिवले त्या पायांना दे, आणि तिला सांग, खुबा आता दुखत नाही, ती आली की गाडीपर्यंत तिला घ्यायला मी चालत येईन.

विमानतळावर मी आणि नवरा सोडायला गेलो. संध्याकाळचं विमान होतं. तिने ते बूट घातले होते आणि हातात ती बॅग, कुलूप अजून न काढलेली. फोन काढून तिने वेळ बघितली तेव्हा कव्हरची पाठ मोकळी दिसली. माझ्या पर्समध्ये एक कागद होता. मी आदल्या दिवशी क्लिनिकमध्ये लिहिला होता, तातडीच्या पेशंटच्या फाइलला आम्ही लाल चिठ्ठी लावतो त्या पॅडमधला. द्यावा की नाही, वेडेपणा दिसेल का, याचा मी सबंध रस्ताभर विचार केला होता. शेवटी दिला.

तिने उलटसुलट बघितला. म्हणाली, हेही मला वाचता येत नाही. काय लिहिलंय?

म्हटलं, ज्याला वाचता येतं असा कुणीतरी शोध. नाशिकचा, नागपूरचा, कुठलाही. जगात सगळीकडे सापडतात.

तिने तो नीट चार घड्या न करता, सपाट, कव्हरच्या आत सरकवला आणि अंगठ्याने कडा दाबल्या. माझ्या मानेवर एकदा हात ठेवला, डावीकडे गाठ आहे ती चाचपली, व्यायाम करत जा म्हणाली, आणि गेली. पासपोर्टच्या खिडक्या लांबून दिसत होत्या. माझा जीव टांगणीला लागला होता, नवरा कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटत होता. खिडकीवरच्या माणसाने स्क्रीनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, काहीतरी विचारलं. कुठली तू, हेच विचारलं असणार. तिने कुठलं उत्तर दिलं ते इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. त्याने शिक्का मारला.

मी तिचा चेहरा पाहिला नाही, ती पाठमोरी होती. पण तिने आठ महिने शेजारी बसून मला बघायला शिकवलं होतं, म्हणून मी तिचे पाय पाहिले. त्या बुटांत ती सावकाश चालत होती, पावलं सरळ, दोन्ही पायांवर सारखा भार. हातातल्या फोनच्या पाठीवर लाल कागद होता. त्यावर मी लिहिलं होतं, "ही आमच्या काउंटरपाशी दोन वर्षं होती. तब्येत चांगली आहे. पावावर चॉकलेटचे दाणे घालून खाते, हसू नये. उन्हात सायकल चालवते, ती चालवू देऊ नये. भल्या माणसा, हिला सांभाळ." खाली माझं नाव आणि फोन नंबर घातला होता, म्हणजे पुढे कुणाला शोधायला लागणार नाही.